सायकलचं हेल्मेट कुठल्या कलरचं घ्यायचं? (काळं तर नकोच)

माझं पहिलं हेल्मेट मॅट ब्लॅक होतं. दुकानाच्या आरशात एकदम भारी दिसत होतं, आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला सिंहगड रोडला एका टेम्पोने मला जवळजवळ फुटपाथला चेपलं. टेम्पोवाले काका खाली उतरून म्हणतात, "अरे दिसलाच नाहीस रे!" खरं होतं त्यांचं, मागे लाईट पण नव्हता माझ्या. आता मी हेल्मेट घेताना काय काय बघतो ते सांगतो.

१. आधी आत ईएन १०७८ (युरोपचं हेल्मेट सुरक्षा मानक) किंवा सीपीएससीचा (अमेरिकेचं तसंच मानक) स्टिकर आहे का बघा. नसेल तर रंगावर चर्चाच नको, पुढचा पीस काढायला सांगा.

२. तुम्ही चालवता कधी? दिवसा आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो पिवळट हिरवा, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. अंधारून आलं की हे गणित निळसर हिरव्याकडे सरकतं आणि लाल काळपट पडत जातो, म्हणजे दुपारी भडक दिसणारं लाल हेल्मेट संध्याकाळी सातला काळ्यासारखंच. निऑन रंग उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट शोषून त्याचा दिसणारा उजेड करतात, म्हणून पहाटे आणि ढगाळ हवेत ते पेटल्यासारखे दिसतात, पण रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली ती सगळी जादू गायब. रात्री रंगावर विसंबू नका, तिथे रिफ्लेक्टिव्ह टेप आणि लाईटच कामाला येतात.

३. मागे काय असतं ते बघा. हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला सगळं हिरवंगार, तिथे निऑन हिरवा झाडीत मिसळून जातो, ऑरेंज किंवा गुलाबी घ्या. मे महिन्यात तेच डोंगर वाळून तपकिरी, तेव्हा हिरवट पिवळा उठून दिसतो. सोपी टेस्ट: मित्राच्या डोक्यावर हेल्मेट घालून त्याला पन्नास पावलं लांब उभा करा, फोटो काढा, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. डोकं मागच्या रस्त्यात विरघळलं तर तो कलर बाद.

४. टिकेल का? निऑनची गोची इथे आहे, हे रंग उन्हात बाकीच्यांपेक्षा लवकर उडतात. माझं दुसरं हेल्मेट निऑन पिवळं होतं, बाल्कनीत खिळ्याला टांगलेलं असायचं, दोन उन्हाळ्यांत जुन्या धुतलेल्या पंच्यासारखं झालं. मागचा एक स्टिकर निघाला तर त्याखाली चौकोनी तुकडा अजून तसाच चमकत होता, तेव्हा कळलं किती उडालाय ते. पांढरा उडाला तरी फार तर जरा पिवळसर होतो, आणि हेडलाईटचा उजेड पण इतर साध्या रंगांपेक्षा जास्त परत फेकतो. मॅटवर घामाचे आणि सनस्क्रीनचे डाग बसतात, ग्लॉसी ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

रंग कुठलाही असो, बंद गाडीत उन्हात ठेवू नका, आतलं थर्माकोल तापून बिघडतं.

५. जुनं हेल्मेट घरी रंगवायला जाऊ नका. २०१८ च्या बंदीआधी ज्यांनी गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर स्प्रे पेंट मारलाय त्यांना आठवत असेल, ते कसं चरचरत खड्डे पडत आत बसायचं. हेल्मेटच्या आत त्याच जातीचा माल आहे. थिनर, पेट्रोलने पुसणं पण नाही, साबणपाणी बास.

मी सध्या पांढरं ग्लॉसी वापरतो, आणि निऑन अंगातल्या जॅकेटवर, कारण ते उडालं तर बदलायला स्वस्त पडतं. टेप लावायचीच तर वरच्या प्लॅस्टिकवर, थर्माकोलवर नाही, आणि हेल्मेटसोबतच्या कागदात स्टिकरला मनाई असेल तर मागच्या पट्ट्याला छोटा क्लिपवाला लाल लाईट अडकवा.