सुई लावण्याआधीचा तास

सेमी-पर्मनंट मेकअप, म्हणजे सुईने त्वचेत रंग भरून भुवया-ओठ रंगवण्याचे काम, शिकायला येणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष हाताच्या सफाईवर असते. भुवईचा एकेक केस कसा ओढायचा, ओठांवर रंग सारखा कसा भरायचा, याचा सराव ते रबरी त्वचेवर तासन्‌तास करतात. मीही तेच केले होते, आणि खोली लावणे हे मदतनिसाचे काम आहे असे मनात धरून बसले होते.

तो समज उतरला तो दिवस मला नीट आठवतो. एका भुवईचे काम अर्ध्यावर आले असताना कपातले पिगमेंट (त्वचेत भरायचा रंग) संपले आणि मी हातमोजे न बदलताच ड्रॉवर उघडून बाटली काढली. शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरच्या मुठीवर एक लाल स्टिकर चिकटवला, मग बाटलीवर, मग मी नकळत वळवलेल्या दिव्याच्या मानेवर. काम संपले तेव्हा खोलीत सात स्टिकर होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, पृष्ठभागावर, किमान ७ दिवस तग धरू शकतो, एवढेच एक वाक्य त्यांनी नंतर सांगितले.

तेव्हापासून माझी तयारी एका प्रश्नाभोवती फिरते: मोजे घातल्यानंतर माझा हात कुठे कुठे जाणार आहे? जिथे जाणार तिथे एकतर बॅरिअर फिल्म (वापरून टाकून द्यायचे पातळ प्लास्टिकचे आवरण) हवी, नाहीतर तिथे हात जाण्याची गरजच उरू नये अशी मांडणी हवी. मशीन, तिची वायर, दिव्याची मूठ, स्प्रेची बाटली, खुर्ची वर-खाली करण्याचा दांडा यांवर मी फिल्म लावते. वायर बहुतेकजण विसरतात, आणि क्लायंटच्या खांद्यावरून घासत जाते ती तीच. पिगमेंट, जादा कप, जादा कार्ट्रिज (मशीनला लावायचे सुयांचे टोक), कापसाचे पॅड, मोज्यांची दुसरी जोडी हे सगळे आधीच ट्रेवर काढून ठेवावे. लागेल त्यापेक्षा थोडे जास्त काढावे आणि उरलेले टाकून द्यावे. कपातले पिगमेंट बाटलीत परत ओतणे हा काटकसरीचा नव्हे, संसर्गाचा मार्ग आहे.

पृष्ठभाग पुसण्यातही नवशिके एक ठरावीक चूक करतात. ते जंतुनाशक फवारतात आणि लगेच कोरड्या कागदाने पुसून घेतात. प्रत्येक जंतुनाशकाच्या लेबलवर पृष्ठभाग किती मिनिटे ओला राहायला हवा ते लिहिलेले असते. तेवढा वेळ तो ओला राहिला नाही, तर आपण फक्त ट्रॉली चकचकीत केलेली असते. शिवाय आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा लागतो, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक नीट पोहोचत नाही. पंखा बंद, केस बांधलेले, फोन खोलीबाहेर, हे सांगण्याचीही गरज नसावी, पण फोनबद्दल मला दरवेळी सांगावे लागते.

क्लायंटची तयारी मात्र त्या दिवशी सुरू होत नाही. कन्सल्टेशन काही दिवस आधी करावे, आणि फॉर्म नुसता भरून न घेता प्रश्न तोंडी विचारावेत. ‘काही औषधे चालू आहेत का?’ याला सर्रास ‘नाही’ असे उत्तर येते. ‘मुरमांसाठी गोळ्या घेतल्या होत्या का?’ असे विचारले की आयसोट्रेटिनॉइनचे नाव बाहेर पडते, आणि ते थांबवून पुरेसे महिने झाल्याशिवाय मी काम घेत नाही. गरोदरपण, स्तनपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, केलॉइडची (जखमेचा व्रण जाड, फुगीर होण्याची) प्रवृत्ती, लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी हे एकेक करून विचारावे. ओठांच्या कामाआधी तोंडाजवळ कधी ताप-फोड आले होते का, हा प्रश्न चुकवू नये. हे फोड हर्पिसच्या विषाणूमुळे येतात; सुईच्या आघाताने तो पुन्हा उसळू शकतो आणि प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. रक्त पातळ करणारे औषध आपल्या सांगण्यावरून कोणी बंद करता कामा नये. पॅच टेस्टही, म्हणजे त्वचेच्या छोट्या भागावर ॲलर्जीची चाचणी, याच भेटीत उरकावी. तिच्यावर काही उठले नाही म्हणजे ॲलर्जी कधीच होणार नाही असे मात्र नाही, आणि हेही क्लायंटला सांगावे.

प्रत्यक्ष दिवशी मेकअप पूर्ण उतरवून, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत. मॅपिंग, म्हणजे भुवयांचा आकार मोजून चेहऱ्यावर आखणे, क्लायंटला बसवूनच करावे. मी एकदा आडवे झोपवून मोजमाप केले होते. दोरा आणि कॅलिपर दोन्ही बरोबर होते, पण क्लायंट उठून बसली तशी एक भुवई दुसरीपेक्षा स्पष्ट वर दिसू लागली, कारण आडवे झाल्यावर कपाळाची त्वचा मागे सरकते. सुदैवाने सुई अजून लागली नव्हती. आकार ठरला की आरसा तिच्या हातात द्यावा आणि आपण गप्प राहावे. ‘छान दिसतंय ना?’ असे विचारले की माणूस भिडेखातर हो म्हणतो. रंग सुरुवातीला गडद दिसेल, खपल्या गेल्यावर बराच फिका होईल आणि साधारण सहा आठवड्यांनी टचअप (पुन्हा थोडा रंग भरणे) लागेल, हे याच वेळी सांगून टाकावे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

नंबिंग क्रीम (त्वचा बधिर करणारे मलम) पत्रकात दिले आहे तेवढेच, तेवढाच वेळ आणि अखंड त्वचेवर लावावे. ते पुसताना पेन्सिलच्या रेषाही जातात, म्हणून मॅपिंगचा फोटो आणि टिकाऊ मार्करचे मोजके ठिपके आधीच हवेत.

मग ४० ते ६० सेकंद साबणाने हात धुणे, मोजे, आणि क्लायंटच्या डोळ्यांसमोर कार्ट्रिजचे पाकीट उघडणे. त्याआधी पाकीट फाटलेले नाही ना हे बघून मुदत तपासते आणि लॉट नंबर नोंदीत लिहून घेते. शार्प्स कंटेनर (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हाताच्या अंतरावर असतो. सुरू करण्यापूर्वी मी ट्रेवर एकदा नजर फिरवते. काही राहिले असेल तर मोजे काढते, ती वस्तू आणते आणि हात पुन्हा धुऊन नवी जोडी चढवते.