आधी पाणी, मग वीज, रंग शेवटी

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. यंदा दुरुस्तीला हातात जेमतेम ८०,००० रुपये, आणि घरात प्रत्येकाची यादी वेगळी. सुनेला मॉड्युलर किचन हवं होतं. मी म्हटलं, शोभा नंतर.

ओल कुठून येते ते बघायला कडिया, म्हणजे गवंडी, बोलवावा लागत नाही. ओलसर भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतलीच. खोलीकडच्या बाजूला दिसले तर दमट हवेची. खिडक्या उघडा, पैसे वाचले!

गच्ची मात्र जून लागण्याआधीच उरका. पाणी जायची भोकं मोकळी करा, उतार बघा, भेगा बुजवा. चायना मोझॅक (गच्चीवर बसवलेले फुटक्या टाइल्सचे तुकडे) सगळंच उखडायची घाई नको. मी एकदा उलटं केलं होतं: दिवाळीला रंग, आषाढात पोपडे. १२,००० रुपये अक्षरशः पाण्यात.

मग वीज. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. इथे घासाघीस करू नका.

किचनचं म्हणाल तर ओट्याखालच्या दारांना नव्या बिजागऱ्या लावल्या. सूनबाई अजून फुरंगटूनच आहेत.