युबिक्विटिनचा एनएमआर वाचताना या चुका टाळा

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजून रेणू वाचण्याची पद्धत. तिच्या सरावासाठी नवशिक्यांना युबिक्विटिन देतात, ते योग्यच आहे. ७६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन छोटं आणि टिकाऊ आहे, त्याचा स्पेक्ट्रमही स्वच्छ येतो. तरी पहिली चूक इथेच होते: नायट्रोजन-१५ एचएसक्यूसी (नायट्रोजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन अशा प्रत्येक जोडीचा ठिपका दाखवणारा नकाशा) समोर आला की ७६ ठिपके शोधायला लागतात.

आधी हिशेब करा. प्रोलीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो, म्हणून १९, ३७ आणि ३८ क्रमांकाचे प्रोलीन दिसणार नाहीत. पहिल्या मेथिओनीनचा अमिनो गटही पाण्याशी झटपट देवाणघेवाण करतो आणि हरवतो. उरले ७२. त्यातही २४ वा ग्लुटामेट आणि ५३ वा ग्लायसीन बहुधा फिके किंवा गायब असतात. त्या भागाची हालचालच तशी आहे. नमुना बिघडला असं समजून तो फेकू नका.

उलट जास्तीचे ठिपके दिसले तर एकाच नायट्रोजन मूल्यावर आडव्या रेषेत बसलेल्या जोड्या पाहा. त्या अॅस्पॅराजीन आणि ग्लुटामीनच्या बाजूच्या साखळीतल्या आहेत. युबिक्विटिनमध्ये अशी ८ आम्लं, म्हणजे १६ ठिपके. बरेच ठिपके एकदम नाहीसे झाले असतील तर बफरचा पीएच तपासा. तो ८ च्या वर गेला की उघड्यावरचे अमाइड हायड्रोजन (साखळीतल्या नायट्रोजनवरचे) पाण्यात हरवू लागतात. ६ ते ७ च्या दरम्यान काम करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र कोणता ठिपका कोणत्या आम्लाचा, ही ओळख पटवतानाची. सीबीसीए(सीओ)एनएच प्रयोग एखाद्या अमाइडवर त्याच्या आधीच्या आम्लाचे अल्फा आणि बीटा कार्बन (अल्फा मुख्य साखळीतला, बीटा त्याला जोडलेला बाजूच्या साखळीतला पहिला) दाखवतो, त्याचे स्वतःचे नाही. ४७ व्या ग्लायसीनच्या पट्टीत (त्याच्या ठिपक्यावरचे कार्बन दाखवणारा उभा काप) २० पीपीएमच्या (संकेताचं स्थान मोजायचं एकक) खाली बीटा कार्बन दिसतो, आणि विद्यार्थी त्या पट्टीलाच अॅलनीन म्हणून मोकळा होतो. अॅलनीन आहे ते ४६ वं! एचएनसीएसीबी हा जोडीचा प्रयोग शेजारी ठेवा: तिथे दोघांचेही कार्बन येतात, आणि ४५ पीपीएमच्या आसपासचा, बीटा जोडीदार नसलेला अल्फा ग्लायसीनचा असतो. सेरीनचा बीटा ६४ आणि थ्रिओनीनचा ७० पीपीएमच्या आसपास, ही दोन्ही सुरुवात करायला भरवशाची ठिकाणं आहेत. बाकीची बरीचशी आम्लं एकट्या आकड्यावरून ओळखता येत नाहीत. शेजारी जुळवत साखळी बांधली तरच कळतात. कुर्ट व्युथ्रिख यांना २००२ मध्ये ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यातलं क्रमवार जुळवणीचं सूत्र हेच.

आकडे सगळीकडेच सारखे सरकलेले दिसले तर संदर्भ, म्हणजे शून्य कुठे धरलं आहे ते, तपासा. पाण्यातल्या नमुन्याला त्यासाठी डीएसएस हे संयुग वापरतात. कार्बनसाठी टीएमएस या दुसऱ्या संदर्भ संयुगाचं प्रमाण घेतलंत तर अडीच पीपीएमहून जास्त फरक पडतो, आणि आम्ल सरळ पट्ट्यात (बीटा) आहे की सर्पिल वळणात (हेलिक्स), यात गल्लत होते. पाण्याच्या ठिपक्यावरून संदर्भ लावायचाच असेल तर तापमान लक्षात घ्या: २५ अंशांना तो सुमारे ४.७७ वर असतो, तापमान वाढेल तसा दर अंशाला साधारण ०.०१ ने खाली येतो.