गोदाकाठी मॅनॅटीचा डबा लपवताय? या चुका टाळा

मुलांनी वर्गणी काढून फ्लोरिडातला मॅनॅटी (पाण्यात राहणारा, वनस्पती खाणारा मोठा सस्तन प्राणी) दत्तक घेतला, त्याचा फोटो आणि प्रमाणपत्र घरी आलं, की पुढची कल्पना हमखास सुचते: त्याच्या नावाने नाशकात जिओकॅश लपवू, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून इतरांनी शोधायचा डबा. कल्पना उत्तम आहे. पण शनिवारी सुचतं, रविवारी डबा ठेवला जातो आणि सोमवारपासून शोधणाऱ्यांचे हाल सुरू होतात.

सगळ्यात मोठा घोळ आकड्यांचा. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ उ २०° ००.५००', पू ७३° ४७.४००'. फोनमधला नकाशा बहुधा दशांश अंश दाखवतो. तिथे हीच जागा २०.००८३३, ७३.७९००० होते. मिनिटं तशीच उचलून ७३.४७४ लिहिलं, की डबा कागदावर ३३ किलोमीटर पश्चिमेला, त्र्यंबकच्याही पलीकडे जातो. ही चूक निदान लगेच दिसते. उलटी चूक जास्त छळते. फोनवरचा २०.००५०० हा आकडा २०° ००.५००' म्हणून नोंदवला, तर जागा ३७० मीटरच सरकते, म्हणजे त्याच वस्तीत राहते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मुलं भर उन्हात चुकीच्या कुंपणाशी दगड उलटे करत बसतात आणि ‘डबा सापडला नाही’ अशी नोंद करतात. लपवणारा चोरी झाली समजून नवा डबा ठेवतो. आकडा मात्र तोच! दशांश अंशाचा टिंबानंतरचा भाग ६० ने गुणा, मिनिटं मिळतात. मग जागा माहीत नसलेल्या माणसाच्या हाती फक्त आकडे द्या आणि त्याला चालत पाठवा. ही फेरी वाचवणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचा वेळ घालवू नये.

मोजमापही घाईत नको. फोन उघड्यावर दोन मिनिटं स्थिर धरा आणि वेगवेगळ्या दिवशी तीन नोंदी घेऊन सरासरी काढा. दाट झाडी किंवा उभा कडा असेल तर चूक सहज दहा-वीस मीटरवर जाते.

दुसरी लाडकी चूक कोड्यांची, म्हणजे ज्यांच्या उत्तरांतून जागेचे आकडे मिळतात त्या प्रश्नांची. ‘मॅनॅटी किती मिनिटं पाण्याखाली राहतो?’ याला एक उत्तर नाही: पोहताना तो तीन ते पाच मिनिटांनी श्वास घ्यायला वर येतो, विश्रांतीत वीस मिनिटांपर्यंत खाली राहू शकतो. नखं मोजायला सांगणंही धोक्याचं, कारण ॲमेझॉनच्या मॅनॅटीला नखंच नसतात. बोटीच्या पंख्याने झालेल्या व्रणांवरून एकेक मॅनॅटी ओळखतात हे खरं, पण फोटोतले व्रण मोजायला लावले तर प्रत्येक मूल वेगळा आकडा सांगेल. एकच उत्तर असलेले प्रश्न घ्या. मानेचे मणके? ६; बहुतेक सस्तन प्राण्यांना ७ असतात. सेव्ह द मॅनॅटी क्लबचं स्थापना वर्ष? १९८१. चित्र नीट पाहून लावा: शेपूट गोल वल्ह्यासारखी असेल तर मॅनॅटी, डॉल्फिनसारखी दुभंगलेली असेल तर त्याचा भाऊबंद, आपल्याकडच्या कच्छ आणि मन्नारच्या आखातातला डुगाँग. शेवटी पडताळा द्या: मिळालेल्या जागेच्या आकड्यांतल्या सगळ्या अंकांची बेरीज. वरच्या जागेसाठी ती ३२ येते.

गोदाघाटावर डबा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मे महिन्यातला कोरडा कोनाडा पाहून जागा ठरवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर किती चढलं ते अख्खं नाशिक विचारतं. तुमचा डबा त्याच्या डोक्याहूनही वर हवा. रामकुंडावर तर नकोच. गर्दीत बेवारस डबा दिसला की पोलीस येतात आणि ते योग्यच आहे. डबा पारदर्शक घ्या, त्यावर मराठीत ‘खेळाचा डबा’ असं ठळक लिहा.

पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे काहीही चिकटवू नका. खड्डा खणू नका, झाडाला खिळा ठोकू नका. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवा. खाऊ ठेवला की मुंग्या आणि माकडं आलीच. शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीसोबत पेन्सिल ठेवा, जेल पेनची शाई ओलीत पसरते.

क्लिपांचा, रबरी रिंग असलेला ५०० मिलीचा डबा पुरतो. आत कोरडा टिश्यू ठेवून, वर दगड ठेवून रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी टिश्यू दमट लागला तर तो डबा स्वयंपाकघरात परत द्या. पावसाळा सरला की पहिल्याच रविवारी जाऊन वही उघडून पाहा, ओली असेल तर तिथेच बदला.