काळं प्लास्टिक राखाडी पडलंय? बाटली निवडण्याआधी हे वाचा

सोलापूरच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहिली की बंपरची काळी पट्टी राखाडी पडणारच. दुकानदार हमखास सिलिकॉनचं चकचकीत ड्रेसिंग (प्लास्टिकवर चोळायचं, चमक आणणारं द्रव) पुढे करतो. मी ते घेत नाही. चार धुण्यांत उतरतं, वर तेलकटपणाला धूळ चिकटते ती वेगळीच.

आधी नीट बघा. पांढरे डाग फक्त पत्र्यालगतच्या कडेला असतील तर ते पत्र्याला चमकवताना लागून वाळलेलं वॅक्स. जुना टूथब्रश आणि ऑल पर्पज क्लीनर पुरे. अख्खा भाग फिकटला असेल तर काळं रंगद्रव्य असलेलं ट्रिम रिस्टोरर, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक पुन्हा काळं करणारं द्रव, घ्या. प्लास्टिक अजून काळंच आहे, नुसतं टिकवायचंय? मग सिरॅमिक ट्रिम कोटिंग, म्हणजे प्लास्टिकवर बसणारा संरक्षक थर. महाग आहे, पण महिनोन्महिने टिकतं.

काहीही घ्या, लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही, पट्टे उठतात. काम सावलीत, प्लास्टिक गार असताना. स्पंजवर थोडेच थेंब घ्या, जास्तीचं लगेच मायक्रोफायबरने टिपा. पांढऱ्या गाडीला मास्किंग टेप लावाच, आणि हातमोजेही घाला; ते काळं नखांतून लवकर निघत नाही.