एचआयव्ही-हिपॅटायटिसच्या संशोधनात यायचंय?

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एचआयव्हीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी उलट विचारते, "हिपॅटायटिस बी आणि सी वाचलंय का?" बहुतेकांनी परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात, त्यामुळे एकाच माणसात दोन सापडणं नवलाचं नाही. पुस्तकात त्यांचे धडे वेगळे आणि दवाखान्यात खिडक्या वेगळ्या, पण पेशंटचं यकृत एकच.

म्हणून आधी हे तिघे पेशीत मुक्काम कसा करतात ते नीट समजून घ्या. एचआयव्ही आपल्या आरएनएचा डीएनए बनवून तो थेट आपल्या गुणसूत्रात घुसवतो. बी यकृतपेशीच्या केंद्रकात स्वतःचा गोलाकार डीएनए ठेवून बसतो. सी केंद्रकात जातच नाही, त्याचा सगळा कारभार आरएनएवर आणि केंद्रकाबाहेर. म्हणूनच सी बहुतेकांमध्ये साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो. उरलेले दोघे औषधाने दबतात, सहसा जात नाहीत.

हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्यूडिन ही औषधं एचआयव्हीवर चालतात तशी बीवरही चालतात. आता बी असलेल्या कुणाची एचआयव्हीची औषधं बदलताना ही दोन्ही सुटली, तर दबलेला बी उसळून यकृताला सूज येऊ शकते. सीची अडचण वेगळीच. त्याची अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते, आणि सीडी४ (एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो त्यांची संख्या) फार खाली गेलेल्यांत संसर्ग असूनही कधी कधी दिसत नाही. नुसत्या अँटिबॉडीवर अभ्यास बेतलात तर आकडे दोन्ही बाजूंनी चुकतील, आरएनए तपासावाच लागतो.

घरचे एचआयव्हीला घाबरतात. तुम्ही आधी बीची लस घ्या. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. शिवाय बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. तीन डोस झाल्यावर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासून घ्या, १० mIU/ml च्या वर हवी. ही तपासणी कुणी आठवणीने करायला सांगत नाही. स्वतः मागा.

लॅबपेक्षा अवघड काम फोनवरचं. पाठपुराव्याच्या तारखेला पेशंट आली नाही म्हणून फोन केला आणि सासूबाईंनी उचलला, तर काय बोलाल? संस्थेचं नाव घ्यायचं नाही, 'रिपोर्ट' म्हणायचं नाही, निरोपही ठेवायचा नाही. फोन करायचा की नाही, कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, हे संमतीपत्र भरतानाच तिला विचारून ठेवायचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदी आहे. पण कायदा दूरची गोष्ट. एका फोनने तिचं घर मोडू शकतं. पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांत झालेल्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी १,७६३ जोडपी होती. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हा २०११ चा निष्कर्ष जगभर गाजला. नवरा-बायको दोघंही वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिले म्हणून तो हाती आला.

नमुन्यांच्या बाटल्यांना लेबल लावण्याचं काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण १९५५-५६ ची दिल्लीची काविळीची साथ आठवा. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. तेव्हा तिला हिपॅटायटिस ए मानलं गेलं. जपून ठेवलेले रक्तनमुने, आणि त्यांच्यासोबत अहमदाबाद व पुण्याच्या सत्तरच्या दशकातल्या साथींचे नमुने पुन्हा तपासले गेले. १९८० मध्ये कळलं की हा ए नाही आणि बी पण नाही. पुढे त्या विषाणूला ई हे नाव मिळालं. कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी बाटलीवर नीट लिहिलं होतं म्हणून हे शक्य झालं.

नोकरीचं थोडक्यात सांगते. पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) आहे, भोसरीची १९९२ सालची 'नारी' म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे (आता नाव बदललंय), शिवाय मेडिकल कॉलेजांतले प्रकल्प. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. नाहीतर प्रकल्पावरची कंत्राटी जागा. कंत्राट वाईट नाही, पण मुलाखतीत लाजू नका. प्रकल्पाचे किती महिने उरलेत, पैसे मंजूर झालेत की 'येणार आहेत', लस संस्था देते का, सुई टोचली तर ७२ तासांच्या आत घ्यायचं एचआयव्ही प्रतिबंधक औषध रात्री कुठे मिळतं, आणि पेपरवर नाव कुणाकुणाचं लागतं, हे विचारा. या प्रश्नांवर जिथे कपाळाला आठ्या पडतात, तिथे मी जाऊ नका म्हणते.