ग्रुपमध्ये ट्रेंड बुक करताय? मग या चुका टाळा

ट्रेंड बुक म्हणजे पुढच्या सीझनला कुठले रंग, कापडं, कपडे चालतील ते सांगणारं पुस्तक, डिझाईनच्या मुलांना ते ग्रुपनं करायचं असतं. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांनी आपापली पानं पेनड्राइव्हवर आणायची, ज्याचा लॅपटॉप बरा त्याच्या रूमवर बसून ती जोडायची, आणि तेव्हा कळायचं की एकाची पानं सगळी मातकट, शांत, भरपूर मोकळी जागा सोडलेली आणि दुसऱ्याच्या पानावर श्वास घ्यायला जागा नाही, तिसऱ्यानं ज्या कापडावर चार पानं खर्च केलीत ते चौथ्याच्या सिल्हूटमध्ये, म्हणजे कपड्यांच्या आकारांत, कुठेच नाही. मी टेक्सटाईल डिझाईन केलंय आणि आता दरवर्षी ज्युनियर्सच्या ग्रुपांसोबत बसते, त्यामुळे ही रात्र मी खूपदा बघितलीय, आमच्या स्वतःच्या ग्रुपचीसुद्धा. प्रत्येक वेळी मूळ एकच निघतं. पानं वाटून घेतली, विचार वाटून घेतलाच नाही.

"बत्तीस पानं आहेत, प्रत्येकी आठ" ही वाटणी सोपी वाटते म्हणून सगळे तीच करतात, पण मग एका पुठ्ठ्यात चार वेगळी पुस्तकं बांधली जातात. त्याऐवजी कामं वाटा. एकानं फिरून फोटो आणि माणसांशी बोलणं, एकानं रंग, एकानं कापड आणि ट्रिम्स (बटणं, लेस, चेन वगैरे), एकानं लेआउट आणि मजकूर, आणि प्रत्येकाचं काम सगळ्या पानांवर जायला हवं. पण हे वाटण्याच्याही आधी एक दिवस फक्त एका वाक्यासाठी द्या. आपलं पुस्तक काय म्हणतंय ते एका वाक्यात चौघांना सारखं सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर कॅनव्हा उघडूच नका.

आमचं वाक्य सांगते म्हणजे कळेल. पुण्यात उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्या मुली आणि बायका तोंडाला स्कार्फ, हातात लांब मोजे, वरून सनकोट घालतात, हे आपण इतकं रोज बघतो की ते कपड्यांमध्ये धरतच नाही. आम्ही म्हटलं की ऊन वाढतंय, बाहेर कामाला जाणाऱ्या बायका वाढतायत, तर अंगावर चढवायची ही सावली पुढच्या दोन-तीन वर्षांत लपवायची वस्तू न राहता नीट डिझाईन केलेला कपडा होईल. झालं वाक्य! मग रंग कुठले, कापड कुठलं, बाही किती सैल, खिसा कुठे, मोबाईल दिसेल का, सगळ्याचं उत्तर त्याच वाक्याला विचारता येत होतं, आणि भांडण झालं की "हे सावलीत बसतंय का" एवढंच विचारायचं.

पिंटरेस्टवरून सुरुवात

ही चूक सगळ्यात गोड आहे कारण पहिल्याच दिवशी दोनशे सुंदर फोटो जमा होतात आणि काम पुढे गेल्यासारखं वाटतं. पण पिंटरेस्ट तुम्हाला तुम्ही आधी ज्यावर क्लिक केलं त्याचंच भावंड दाखवतं, आणि चौघांनी एकच शब्द टाकून शोधलं तर चौघांना जवळपास तेच फोटो येतात, बाजूच्या ग्रुपलाही तेच. शिवाय जे तिथे दिसतंय ते होऊन गेलेलं आहे. ट्रेंड बुक पुढचं सांगायला असतं. इंडस्ट्रीत साधारण १८ ते २४ महिने आधी फोरकास्ट, म्हणजे पुढचा अंदाज, काढतात कारण सूत, रंगाई, विणाई, सॅम्पल, ऑर्डर या सगळ्याला तेवढा वेळ लागतो, म्हणजे २०२६ च्या सुरुवातीला बसलात तर २०२७ चा हिवाळा किंवा २०२८ चा उन्हाळा धरायचा, आणि हा सीझन कव्हरवर लिहायचा. खूप ग्रुप तो लिहायलाच विसरतात, आणि ज्युरीचा पहिला प्रश्न हमखास तोच येतो.

पुरावा रस्त्यावरून आणा. सिग्नलला उभं राहा, तुळशीबागेत स्कार्फवाल्यांना विचारा की गेल्या दोन वर्षांत काय जास्त खपायला लागलं, कुठला माल पडून राहिला, ते लोक खूप छान सांगतात, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका आणि चेहऱ्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इंटरनेटवरचे फोटो वापरलेच तर कुठून घेतला ते त्याच दिवशी नोंदवा, शेवटी शोधायला गेलात तर सापडत नाही. आणि फोरकास्ट म्हणजे पॅरिस-लंडनचीच मक्तेदारी असं समजू नका, निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या व्हिजननेक्स्ट उपक्रमानं २०२४ मध्ये 'परिधी' नावाचं भारतीय बाजारासाठीचं ट्रेंड बुक काढलंय, ते बघून घ्या, निदान आपल्याकडचं वर्गीकरण कसं करतात ते कळतं.

रंग: इथे सगळ्यात जास्त मार्क जातात

पहिली गोष्ट, रंगांना कोड देणाऱ्या पँटोन कंपनीचा कलर ऑफ द इयर उचलून तो आपला फोरकास्ट म्हणून लावू नका. तो आदल्या डिसेंबरच्या आसपास जाहीर होतो, सगळ्या जगानं बघितलेला असतो, २०२३ चा व्हिवा मजेंटा असो की २०२४ चा पीच फझ. दोन वर्षं पुढचं बोलणाऱ्या पुस्तकात तो मुख्य रंग म्हणून आला की बाकीचं सगळं शिळं वाटायला लागतं.

दुसरी, स्क्रीनवर रंग ठरवणं. चार लॅपटॉपवर एकच रंग चार प्रकारे दिसतो, आणि प्रिंटला गेल्यावर पाचवाच येतो. निऑन आणि झगझगीत निळे-गुलाबी तर साध्या चार शाईंच्या प्रिंटमध्ये येतच नाहीत, ते मरगळतात, तो दोष प्रिंटरवाल्याचा नसतो. कॉलेजच्या लायब्ररीत पँटोनचं कापडी गाइड असतं, ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी चौघांनी मिळून बघा आणि कोड तिथेच लिहून घ्या. कोडच्या शेवटी टीसीएक्स असेल तर तो सुती कापडाचा आहे, छपाईचा सी असेल तर वेगळा, दोन्ही मिसळू नका. आणि छापलेल्या चौकोनावर विसंबण्यापेक्षा शेजारी भरतकामाच्या धाग्याची छोटी गुंडाळी लावा, तो रंग कुठल्याच मशीनमध्ये बिघडत नाही.

यातच एक अडचण खास आपल्याकडची. खण, पैठणी अशा कापडात ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा) दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव येते, कापड हललं की रंग बदलतो. आमच्यात एकजण म्हणत होती हा हिरवा, दुसरी म्हणत होती जांभळा, आणि अर्धा तास वाद घालून दोघी बरोबर होत्या. अशा कापडाला एक कोड देऊच नका, दोन्ही धागे सुटे करून दोघांचे कोड द्या आणि फोटो दोन कोनांतून लावा.

कापड आणलं, पण

मंगळदास मार्केट असो, हिंदमाता असो की लक्ष्मी रोड, दुकानदाराकडे कोपरा कापून फुकट मागत फिरू नका, पाव मीटर विकत घ्या. साधारण ११० सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) पाव मीटरमधून ८ सेंमीचे पस्तीसेक तुकडे आरामात निघतात, म्हणजे कॉलेजची एक प्रत आणि चौघांच्या पोर्टफोलिओच्या चार प्रती सहज होतात. हो, किती प्रती काढायच्या हे खरेदीच्या आधी ठरवा! नंतर परत गेलात तर तो ठाणच संपलेला असतो.

दुकानातून बाहेर पडायच्या आत तुकड्यावर चिठ्ठी टाचा, दुकान, भाव, पन्हा, काय सांगितलं ते. संध्याकाळी पिशवी उलटी केली की पंधरा पांढरी कापडं सारखीच दिसतात. आणि "प्युअर सिल्क" असं सांगितलं म्हणून तसं छापू नका, दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, सुताला कागद जळाल्यासारखा येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

चिकटवताना फेविकॉल लावलात तर पातळ कापडातून डाग वर येतो आणि पानाला सुरकुत्या पडतात. फक्त वरच्या कडेला दुहेरी टेप लावा, खालून कापड मोकळं राहू द्या, कारण ज्युरीला ते हातात धरून चुरगळून बघायचं असतं. कडा झिगझॅग कात्रीनं कापा म्हणजे धागे सुटणार नाहीत.

आता पुस्तक फुगतं त्याचं. वीस पानांवर अर्ध्या मिलिमीटरचं कापड लावलं की बाहेरच्या बाजूला पूर्ण एक सेंटीमीटर जाडी वाढते आणि बांधणीच्या बाजूला काहीच नाही, मग पुस्तक पंख्यासारखं उघडं राहतं, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला नुसता गोंद लावून केलेली बांधणी) असेल तर पानं निखळतात. आमचं ज्युरीच्या टेबलावर निखळलं होतं, बोलता बोलता, आणि ते आठवून अजून वाईट वाटतं कारण आतलं काम खरंच चांगलं होतं. उपाय साधा आहे, बांधणीच्या कडेला प्रत्येक स्वॉचच्या (कापडाचा नमुना लावलेल्या) पानामागे तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची पट्टी घाला आणि स्क्रूची बांधणी करा, पानं नंतर काढता-घालताही येतात. घोंगडीसारखं जाड काही असेल तर ते पुस्तकात कोंबू नका, वेगळ्या पेटीत द्या.

फाइल आणि मराठी अक्षरं

मास्टर फाइल एकच, आणि ती एका वेळी एकाच्याच हातात. कोणाकडे आहे ते ग्रुपवर लिहायचं, नावात तारीख टाकायची, 'फायनल' हा शब्दच वापरायचा नाही. लेआउटच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची नुसती फाइल पाठवली तर पुढच्याला फोटो गायब दिसतात, पॅकेज करून, म्हणजे फोटो-फॉन्टसकट, पाठवा. मराठी मजकुरात वेलांट्या इकडेतिकडे पळाल्या, जोडाक्षरं तुटली तर घाबरू नका, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा आणि युनिकोड फॉन्ट घ्या, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी बाहेर जादा छपाई, ठेवा.

आणि माणसं

ग्रुपात एकजण असा असतो जो बाजारात फिरतो, ओझी आणतो, प्रिंटरकडे तीन चकरा मारतो, आणि शेवटी स्क्रीनवर दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. ज्युरीत तो मागे उभा राहतो आणि ज्यानं लेआउट केलं तो सगळं बोलतो. हे होऊ देऊ नका, मला मनापासून वाटतं. शेवटच्या पानावर कोणी काय केलं ते स्पष्ट छापा, आणि कापडाबद्दल ज्यानं कापड आणलं त्यालाच बोलू द्या, तोच सगळ्यात खरं बोलेल. पैशाचा हिशोब पहिल्या खरेदीपासून एका शीटवर ठेवा, कोणाला झेपत नसेल तर ते खर्चाच्या आधी कळू दे. कोणी गायब झालं तर आठवडाभर ग्रुपवर टोमणे मारण्यापेक्षा एकानं फोन करून विचारा, घरी काहीतरी चालू असतं, आणि काम त्या दिवशीच दुसऱ्याला द्या.

दोनच दिवस उरलेत आणि सगळं विस्कटलंय? तर पानं कमी करा. बत्तीसची वीस करा, जे तुमच्या त्या एका वाक्याशी बोलत नाही ते कितीही सुंदर असलं तरी काढा, फॉन्ट दोनच ठेवा, सगळा मजकूर एकाच माणसाला पुन्हा लिहायला लावा म्हणजे आवाज एक होईल. स्वॉच मात्र काढू नका. एक पान आधी छापून बघा, तेही फायनल कागदावरच, आणि बाइंडिंग झाल्यावर पैसे द्यायच्या आधी दुकानातच उभं राहून एकेक पान उलटा, उलटं लागलेलं पान तिथल्या तिथे बदलून मिळतं.